डोंबिवलीचे नाव लाभलेली सतरा अंकी संख्या

१/
१२३४५६७८९८७६५४३२१. ही संख्या डावीकडून वाचा वा उजवीकडून, वाचन एकच. नऊ एकांनी बनलेल्या संख्येचा, म्हणजे १११११११११ चा, हा वर्ग आहे. ‘गणितातील चमत्कार’ अशा मथळ्याखाली फिरणाऱ्या संदेशांतून बहुतेकांच्या नजरेखालून ती गेलेली असते. मात्र हा चमत्कार का घडतो आणि या संख्येला नाव कोणी दिले, या दोन गोष्टी त्या संदेशांत सहसा नसतात. गणिताच्या वाङ्मयात या संख्येचे कुलनाम ‘अद्भुत डेम्लो संख्या’ असे आहे. डेम्लो म्हणजे आजची डोंबिवली.

२/
ही संख्या एकटी नाही. नऊ पायऱ्यांच्या जिन्याची ती शेवटची पायरी आहे.

१ × १ = १
११ × ११ = १२१
१११ × १११ = १२३२१
११११ × ११११ = १२३४३२१
…
१११११११११ × १११११११११ = १२३४५६७८९८७६५४३२१

जेवढे एक, तेवढी मधल्या अंकाची उंची. चढण जशी, तशीच उतरण.

३/
या कुळाचे नामकरण दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी केले. जन्म १७ जानेवारी १९०५, डहाणू. शालेय शिक्षण ठाण्यात, महाविद्यालयीन शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये. १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले आणि १९२९ मध्ये ते मुंबई विद्यापीठाचे पदवीधर झाले. पदव्युत्तर शिक्षण त्यांनी घेतले नाही. १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षे ते नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर होते. त्यांचे बरेचसे संशोधन या नोकरीच्या फावल्या वेळातले आहे.

४/
‘डेम्लो’ हे त्या वेळच्या जी.आय.पी. रेल्वेवरचे, मुंबईपासून सुमारे ३० मैलांवरचे स्थानक. या संख्यांची कल्पना आपल्याला तेथे सुचली, म्हणून कापरेकरांनी त्यांना स्थानकाचे नाव दिले. गणितात संख्यांना सहसा माणसांची नावे मिळतात. येथे उपनगरी गाडीच्या एका थांब्याला तो मान मिळाला. पुढे त्यांनी आणखी एका संख्यागटाला ‘देवळाली’ हे नाव दिले. राहत्या आणि जात्यायेत्या जगाशी आपले गणित जोडून ठेवण्याची ही त्यांची रीत होती.

५/
डेम्लो संख्या म्हणजे काय? संख्येचे तीन भाग पाडायचे: डावा, मधला, उजवा. मधल्या भागात एकच अंक, हवा तितक्या वेळा. डाव्या आणि उजव्या भागांची बेरीज केली की तोच अंक पुन्हा मिळाला पाहिजे.

४७७७३ घ्या. डावीकडे ४, उजवीकडे ३, बेरीज ७, मध्ये ७७७.
१५९९९९८४ घ्या. १५ + ८४ = ९९; मध्ये ९९९९.

६/
आता आपली संख्या याच रीतीने फोडू.

१२३४५६७८ | ९ | ८७६५४३२१

१२३४५६७८ + ८७६५४३२१ = ९९९९९९९९. मध्येही ९.

खालच्या पायऱ्यांवरही हेच दिसते. १२ | ३ | २१ मध्ये १२ + २१ = ३३, आणि १२३ | ४ | ३२१ मध्ये बेरीज ४४४. एकांच्या वर्गांचा हा जिना पायरीगणिक डेम्लोच्या व्याख्येत बसतो, म्हणूनच कापरेकरांनी त्याला ‘अद्भुत’ हे विशेषण लावले. या विषयावरचा त्यांचा लेख १९३८ मध्ये ‘द मॅथेमॅटिक्स स्टुडंट’ या भारतीय गणित परिषदेच्या नियतकालिकात छापून आला.

७/
हे घडते कसे, हे समजण्यास चौथीतला गुणाकार पुरेसा आहे.

१११
१११०
१११००
———
१२३२१

(उजवी कड जुळवून मांडावे.) १११ ला १११ ने गुणताना तीच ओळ तीनदा लिहिली जाते, प्रत्येक वेळी एक घर डावीकडे सरकून. कडेच्या स्तंभात एकच १ येतो, त्याच्या शेजारी दोन, मधोमध तीन. उत्तरातला प्रत्येक अंक म्हणजे त्या स्तंभात किती १ आले याची मोजदाद. नऊ एक घेतले की नऊ ओळी होतात आणि मधल्या स्तंभात नऊ १ येतात. १२३४५६७८९८७६५४३२१ ही अशी स्तंभांच्या उंचीची यादी आहे.

८/
दहावी पायरी चढली तर?

११११११११११ × ११११११११११ = १२३४५६७९००९८७६५४३२१

जिना मोडला. मधल्या स्तंभात दहा १ आले, पण एका घरात दहा मावत नाहीत. शून्य लिहून हातचा १ डावीकडे गेला. तेथे आधीच ९ होते, त्यांचेही दहा झाले. पुन्हा शून्य, पुन्हा हातचा. तो ८ ला मिळाला आणि त्याचा ९ झाला. डाव्या बाजूने ८ नाहीसा झाला आणि मध्ये दोन शून्ये उभी राहिली.

९/
या संख्येचा खरा अर्थ येथे उलगडतो. दशमान पद्धतीत हातच्याशिवाय जेथवर चढता येते त्याची ही सीमा आहे. मधला ९ हा सीमेवरचा दगड. दहा चिन्हांत सगळ्या संख्या लिहिण्याची जी युक्ती या भूमीत रुजली, तिच्या एका घराची धारणशक्ती किती, हे ही संख्या आपल्या देहावर लिहून दाखवते.

१०/
तिचे आणखी काही गुण पाहू. मूळ अवयवांत फोडली तर ती ३⁴ × ३७² × ३३३६६७² अशी होते. तिचे एकूण विभाजक ४५. अंकांची बेरीज ८१, म्हणजे ९ चा वर्ग. आणि या ८१ ने तिला निःशेष भाग जातो:

१२३४५६७८९८७६५४३२१ ÷ ८१ = १५२४१५७८९९७१०४१

उलट तिला ८१ ने गुणले की मिळतो ९९९९९९९९९ चा वर्ग.

११/
आपल्याच अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना ‘हर्षद’ म्हणतात. हर्षद म्हणजे आनंद देणारी, आणि हे नावही कापरेकरांचेच. जिन्याच्या नऊ पायऱ्यांपैकी फक्त तीन हर्षद आहेत: पहिली, तिसरी आणि नववी. तिसऱ्या पायरीवर १२३२१ ची अंकबेरीज ९, भागाकार १३६९, म्हणजे ३७ चा वर्ग. एकाच संख्येवर कापरेकरांनी दिलेली दोन नावे, डेम्लो आणि हर्षद, एकत्र नांदतात.

१२/
एवढी मोठी संख्या वाचायची कशी? आजच्या रीतीने ती १२३ कोटी ४५ लाख ६७ हजार ८९८ कोटी, ७६ लाख ५४ हजार ३२१. कोटींचे कोटी मोजताना जीभ अडखळते. भास्कराचार्यांच्या इ.स. ११५० च्या ‘लीलावती’त मात्र एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांना स्वतंत्र नावे आहेत. सतरावे स्थान ‘मध्य’. त्या नावांनी ही संख्या अशी वाचता येते:

एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ अर्बुद, आठ कोटी, सात प्रयुत, सहा लक्ष, पाच अयुत, चार सहस्र, तीन शत, दोन दश, एक.

परार्धाच्या एक स्थान अलीकडे ती थांबते.

१३/
या जिन्यावर कापरेकरांच्या सुमारे एक हजार वर्षे आधी एक गणिती उभा राहिला होता. महावीराचार्य, इ.स. ८५० च्या सुमारास, ‘गणितसारसंग्रह’ या संस्कृत ग्रंथाचे कर्ते. ग्रंथारंभी त्यांनी राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याची स्तुती केली आहे. अमोघवर्षाची राजधानी मान्यखेट, म्हणजे कलबुर्गी जिल्ह्यातले आजचे मळखेड. वेरूळचे कैलास लेणे ज्या घराण्याचे, तेच हे घराणे. त्याची सत्ता विदर्भातही पोहोचली होती. हिंगणी ज्या वर्धा जिल्ह्यात आहे त्याच जिल्ह्यात देवळी येथे तिसऱ्या कृष्णाचा शके ८६२ चा, म्हणजे इ.स. ९४० चा, ताम्रपट सापडला आहे.

१४/
‘गणितसारसंग्रहा’त १२३४५६५४३२१ ही संख्या येते. महावीराचार्य तिचे वर्णन अंकांची नावे एकेक न घेता करतात: एकापासून सहापर्यंत चढत जाणारी आणि मग क्रमाने उतरणारी. वरच्या जिन्याची ही सहावी पायरी, म्हणजे ११११११ चा वर्ग. गुणाकाराच्या उदाहरणांत ती २७९९४६८१ × ४४१ या रूपाने येते. पडताळून पाहावे, उत्तर चोख येते.

१५/
अशा गुणाकारांना महावीराचार्य गळ्यातल्या हाराची उपमा देतात. दोन्ही बाजूंनी सारखे ओवलेले मणी. त्यांच्या उदाहरणांतील आणखी काही हार असे:

१३९ × १०९ = १५१५१
१५२२०७ × ७३ = ११११११११
११०११०११ × ९१ = १००२००२००१
१२३४५६७९ × ९ = १११११११११

यांतला शेवटचा हार आपल्या कथेसाठी मोलाचा आहे. त्याच्या उत्तराचा वर्ग केला की थेट आपली सतरा अंकी संख्या हाती येते.

१६/
१२३४५६७९ मध्ये ८ का नाही, असा प्रश्न शाळकरी मुले हमखास विचारतात. उत्तर आठव्या मुद्द्यात दडलेले आहे. दहा एकांच्या वर्गात डावीकडचा ८ गेला तो हातच्यामुळे. येथेही तेच घडते. १ ला ९ ने भागले की ०.११११… असे कधीच न संपणारे एक मिळतात. त्यांचा वर्ग म्हणजे १ भागिले ८१, म्हणजेच ०.०१२३४५६७९०१२३४५६७९… असा आवर्ती अपूर्णांक. स्तंभांची उंची दहाच्या वर गेली, हातचे मागे सरकले आणि त्यांनी ८ गिळला. डोंबिवलीच्या संख्येचा मधला ९ आणि महावीराचार्यांच्या हारातला हरवलेला ८, दोहोंमागे नियम एकच.

१७/
आता या कथेतला वादाचा भाग. १९४० मध्ये केंब्रिजचे गणिती जी. एच. हार्डी यांचे ‘अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. रामानुजनांची प्रतिभा ओळखणारे ते हेच हार्डी. गंभीर गणित कशाला म्हणू नये, हे सांगताना ते एक उदाहरण देतात. चार अंकी संख्यांत ८७१२ आणि ९८०१ या दोनच संख्या आपल्या उलट्या रूपाच्या पटीत आहेत: ८७१२ = ४ × २१७८ आणि ९८०१ = ९ × १०८९. हार्डींच्या मते अशा गोष्टी वृत्तपत्रांतील कोड्यांच्या सदरात शोभतात. त्यांच्यात व्यापकता नाही, आणि म्हणून गणितज्ञाला भावेल असेही त्यांच्यात काही नाही.

१८/
हार्डींचा रोख कापरेकरांवर नव्हता. पण ही कसोटी देवळालीच्या मास्तरांच्या जवळजवळ सगळ्या कामाला लागू होत होती, आणि देशातल्या अनेक गणितज्ञांनी ती लावलीही. कापरेकरांच्या संख्यांकडे क्षुल्लक खेळ म्हणून पाहिले गेले, त्यांची थट्टा झाली. मोठ्या नियतकालिकांची दारे फारशी उघडली नाहीत, तेव्हा त्यांनी स्वतःच पुस्तिका छापल्या. त्यांवर प्रकाशक म्हणून लेखकाचेच नाव आणि देवळालीतील खरेवाड्याचा पत्ता असे.

१९/
हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. संख्या लिहिण्याची पद्धत माणसाने ठरवलेली आहे. आपण दहाऐवजी आठाच्या गटांनी मोजत असतो तर अंकांची सगळी मांडणी बदलली असती. जो गुण केवळ दशमान लेखनामुळे दिसतो, तो संख्येचा म्हणायचा की लेखनाचा? संख्याशास्त्राच्या दृष्टीने हा प्रश्न रास्त आहे. १२३४५६७८९८७६५४३२१ ला त्याचे उत्तर द्यावेच लागते.

२०/
ते उत्तर तिच्यापाशी आहे. आठाच्या पायावर १, २, ३, ४, ५, ६, ७ आणि ० एवढीच चिन्हे असतात. तेथे सात एकांचा वर्ग १२३४५६७६५४३२१ असाच लिहिला जातो. तीनाच्या पायावर ११ चा वर्ग १२१ येतो. आपल्या भाषेत ४ चा वर्ग १६. पाया कोणताही घ्या, त्याच्याहून एकने कमी इतके एक मांडून वर्ग केला की जिना सर्वात उंच पायरीवर पोहोचतो, आणि पुढच्या पायरीला हातचा येऊन तो मोडतो. दहावर फक्त शेवटची पायरी अवलंबून आहे. जिना सर्वत्र तोच.

२१/
हार्डींनी मागितलेली व्यापकता ती हीच. एकांच्या ओळीचा वर्ग करणे म्हणजे स्तंभांतील जोड्या मोजणे, आणि ही मोजणी अंकलेखनाच्या आधीची आहे. १९३९ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात के. आर. गुंजीकर आणि कापरेकर यांनी मिळून लिहिलेला लेख आला. त्याच्या शीर्षकात ‘थिअरी’ हा शब्द होता: ‘थिअरी ऑफ डेम्लो नंबर्स’. गमतीकडून सिद्धान्ताकडे जाण्याचा हा प्रयत्न हार्डींच्या पुस्तकाच्या एक वर्ष आधीचा आहे.

२२/
कापरेकरांचे नाव जगभर झाले ते मात्र दुसऱ्या, फार लहान संख्येमुळे. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करावी, उत्तरावर हीच क्रिया पुन्हा करावी. (उत्तर तीन अंकी आले तर पुढे शून्य लावून ते चार अंकी मानावे.) जास्तीत जास्त सात फेऱ्यांत ६१७४ येते आणि तेथेच स्थिरावते. हा शोध १९४६ चा. १९४९ च्या मद्रास येथील गणित परिषदेत कापरेकरांनी तो मांडला आणि १९५५ मध्ये त्यावरचा लेख ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’मध्ये आला. ६१७४ देखील हर्षदच: अंकबेरीज १८, भागाकार ३४३, म्हणजे ७ चा घन.

२३/
मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात कापरेकरांच्या कामावर लिहिले आणि जगाचे लक्ष देवळालीकडे वळले. तोवर कापरेकर सत्तर वर्षांचे झाले होते. निवृत्तिवेतन अपुरे पडत असल्याने या काळात ते गणित-विज्ञानाच्या शिकवण्या करून गुजराण करत. १९८६ मध्ये देवळालीतच त्यांचे निधन झाले. ज्या सदराने त्यांना कीर्ती दिली ते गणिती करमणुकीचे, म्हणजे हार्डींनी ज्या वर्गात अशा गोष्टी ढकलल्या त्याच वर्गातले होते. करमणुकीचे म्हणून ते उथळ नव्हते, हे त्या सदराच्या वाचकांना ठाऊक होते.

२४/
संगणकावरच्या एक्सेलमध्ये ही सतरा अंकी संख्या टंकित करून पाहावी. शेवटचे दोन अंक शून्य होतात, कारण ते कोष्टक पंधराच अंक ध्यानात ठेवते. कागद, पेन्सिल आणि नऊ ओळींचा गुणाकार मात्र शेवटच्या एकापर्यंत बिनचूक पोहोचवतो. मळखेडच्या राजाची स्तुती करणाऱ्या आचार्यापाशी आणि देवळालीच्या मास्तरांपाशी साधन एवढेच होते. पुढल्या वेळी ही संख्या ‘चमत्कार’ म्हणून कोणी पाठवली, तर सोबत दोन नावे पाठवावीत, महावीराचार्य आणि दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर, आणि सातव्या मुद्द्यातला तीन ओळींचा गुणाकारही जोडावा. कारण कळले की चमत्कार ओसरतो, हर्ष मात्र राहतो.